आधी घडवलं कसं, ते सांग

परक्या गावात एखाद्या वास्तूपुढे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यावरून माझा आणि काकांचा जुना वाद आहे. मी विचारते, याचा अर्थ काय? काका विचारतात, हे केलं कसं? त्यांचं म्हणणं असं की माझ्या प्रश्नाला काहीही उत्तर चालतं, त्यांच्या प्रश्नाला एकच. मला हे मान्य नाही, म्हणून तर वाद टिकून आहे.

काका म्हणजे वडिलांचे स्नेही. सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली. आजोबांच्या काळात घराणं तेलंगणातून इकडे आलं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कानावर पडून शिकलेली कन्नड, आणि कारखान्यात समोरचा बोलेल ती भाषा. चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभ्या आयुष्यात ग्राफ काढले, म्हणजे जेकार्डच्या मागावर जे फूल किंवा जो मोर उमटायचा, तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून तयार करायचा. मी वास्तुकला शिकले, पण घरं बांधण्याऐवजी त्यांच्याविषयी लिहीत बसले. काकांच्या लेखी हा एक प्रकारचा कामचुकारपणाच.

संक्रांत तोंडावर आली होती. आम्ही दिवसभर बाहेर पडायचं ठरवलं : सकाळी भुईकोट किल्ला, तिथून हत्तरसंग कुडल, संध्याकाळी परत शहरात. निघण्याआधी चहा पिताना पलंगावरच्या चादरीवरून वादाला तोंड फुटलं. लाल जमिनीवर पांढरा मोर. कोपरा उलटून पाहिला, तर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर.

मी : काका, एकाच कापडाच्या दोन बाजू, दोन्ही खऱ्या, आणि एक दुसरीच्या उलट. आपल्या दोघांच्या वादाला यापेक्षा चांगली उपमा सापडायची नाही.

काका : झालं सुरू? अगं, ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, एवढंच. एक बाजू मळली की दुसरी वर करायची. उपमा कसली काढतीस!

मी : मग मोर का? कावळा का नाही?

काका : मोर का ते सांगतो, पण अर्थ म्हणून नाही. मोराच्या पिसाऱ्यात जागा भरायला वाव मिळतो. आता बघ. ग्राफवर एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. घर रंगवलं की कार्डाला भोक. भोक आलं तिथं सुई आत जाते आणि हूक धागा वर उचलतो. भोक नसलं तर कार्ड सुईला मागं ढकलतं, धागा खालीच राहतो. एका फेरीला एक कार्ड. सगळी कार्डं दोऱ्यानं एकात एक ओवायची आणि मागाच्या माथ्यावर चढवायची. आता यात गोल रेघ कुठंच नाही. मोराची मान काढायची म्हणजे जिना काढायचा. पायऱ्या इतक्या बारीक घ्यायच्या की लांबून मान गोल दिसली पाहिजे.

मी : आणि चुकलं तर?

काका : कागदाचं प्रमाण चुकलं, म्हणजे इंचाला उभे धागे किती आणि आडवे किती याचा हिशेब चुकला, तर मोराचं बदक होतं. आणि सलग खूप घरं रंगवली तर धागा कुठं बांधलाच जात नाही, वर मोकळा लोंबतो, आणि गिऱ्हाइकाच्या पायाच्या अंगठ्यात अडकतो. म्हणून पिसाऱ्याच्या मध्ये मध्ये ठिपके द्यायचे. लोक म्हणतात, काय सुरेख नक्षी आहे! नक्षी कसली, धागा बांधून घेतलाय.

हे मात्र मला आवडलं. ज्या ठिपक्यांना मी शोभा समजत होते ते खरं म्हणजे टाके होते. फ्रान्समधल्या लिऑनच्या जॅकार्डचा हा माग 1804 च्या सुमाराचा. पुढे 1839 मध्ये त्याच शहरात खुद्द जॅकार्डचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली, आणि त्याची एक प्रत गणकयंत्राचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने मिळवली होती. हे काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी बॅबेजबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘चोवीस हजार कार्डं ओवली कुणी?’ एवढंच विचारलं.

किल्ला घरापासून लांब नव्हता. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा, एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव. आत आता बाग आहे, मुलं खेळतात, जोडपी बसतात, आणि एका बाजूला कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या देवळाचे अवशेष आहेत. तटाच्या दगडांत देवळांचे दगड मिसळलेले आहेत. एका ठिकाणी कोरीव पट्टीचा तुकडा दिसला, उलटा बसवलेला. मी थांबले.

मी : हे पाहा. कुणीतरी श्रद्धेनं कोरलेली वेल, आणि कुणीतरी ती उलटी करून भिंतीत चिणली. या एका दगडात दोन राजवटी आहेत.

काका : दगडात एकच दगड आहे. तट बांधायचाय, घडीव दगड हाताशी पडलाय, तर खाणीत कोण जाईल? तूच सांग.

मी : मग उलटा का?

काका : रुंद बाजू खाली घ्यायला. गवंडी वेल बघत नाही, बैठक बघतो. वर-खाली सपाट पाहिजे, नाहीतर दगड डुलतो. कोरलेली बाजू बाहेर आली, कारण ती बाहेर आली तर कुणाला त्रास नाही.

मी : काका, बैठक बघणारा गवंडी होता, मान्य. पण देऊळ मोकळं झालं कसं, दगड ‘हाताशी पडले’ कसे, हे गवंड्याला विचारून कळणार नाही. तुमचा प्रश्न दगड भिंतीत गेल्यापासून सुरू होतो. त्याच्या आधीचं काय?

काका : आधीचं तुला कुठं माहिती आहे? पाडलं, का आधीच पडलं होतं, का ओस होतं, हे या दगडावर लिहिलंय का?

मी : नाही.

काका : मग ज्याला राग धरायचाय तो राग धरणार, ज्याला अभिमान धरायचाय तो अभिमान. दगड गप्प. म्हणून मी म्हणतो, आधी बैठक बघ.

या ठिकाणी काकांचं पारडं जड होतं, आणि आजच्या दिवसांत त्यांचा हा सावधपणा मला मोलाचा वाटतो. उलट्या दगडावरून भाषण ठोकणं फार सोपं झालं आहे. पण मग मी त्यांना हुंड्याची गोष्ट सांगितली. विजापूरच्या इस्माइल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं. दिला नाही. त्यापायी दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षं लढाया झाल्या. पुढे निजामशाहीची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा पुन्हा हुंड्यात सोलापूर, आणि हे लग्न जुळलं म्हणून दोघे एकत्र येऊन 1565 मध्ये तालिकोटला विजयनगराविरुद्ध उभे राहू शकले.

काका : म्हणजे एकदा हुंडा बुडवला म्हणून भांडण, आणि एकदा दिला म्हणून मैत्री. लग्नातली माणसं सगळीकडं सारखीच की!

मी : पण हे कळल्यावर तट वेगळा दिसतो की नाही? हे काही बैठकीतून कळलं नसतं.

काका : वेगळा दिसतो. पण तट बांधताना कुणाच्या मनात हुंडा नव्हता. नंतर चिकटलेलं आहे ते.

‘नंतर चिकटलेलं’ हा काकांचा आवडता शेरा. त्यांच्या मते प्रवासी जो अर्थ घेऊन घरी जातो त्यातला बराचसा नंतर चिकटलेला असतो. मला वाटतं की वास्तू जगते ती अशा चिकटण्यामुळेच, नाहीतर ती खाणीतला दगडच.

विजापूर रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना शाळू कणसात आलेला, रंग अजून हिरवट. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असा शिधा काकांनी सोबत घेतला होता, कारण ‘कुडलला देव आहे, हॉटेल नाही’. वाटेत मी म्हटलं की सोलापूरकर स्वतःच्या गावाला फार कमी लेखतो. पाहुण्याला पंढरपूर दाखवतो, अक्कलकोट दाखवतो, तुळजापूरला नेतो, आणि सोलापुरात चादर घेऊन देतो.

काका : कारण गाव बघायला नसतंय, राहायला असतंय. तुमचं प्रवासी लोकांचं मला हेच कळत नाही. दोन दिवसांत येता, अर्थ सापडला म्हणता, आणि जाता. कोटणीस डॉक्टर बघ. आमच्या सोलापूरचे. 1938 मध्ये चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला. तिथली भाषा शिकले, तिथल्या मुलीशी लग्न केलं, 1942 मध्ये तिथंच गेले. बत्तीस वर्षांचं वय. आज चीनमधले लोक सोलापुरात येऊन त्यांच्या घराला नमस्कार करतात. ह्याला प्रवास म्हणतात. काम घेऊन गेले.

मी : म्हणजे ज्याच्या हाताला काम नाही त्यानं घरीच बसावं? वारीला जाणाऱ्या लाखो लोकांच्या हाताला कुठलं काम असतं?

काका : चालायचं काम असतं. ते काय कमी आहे?

मी : मग पाहणं हेही काम का नाही?

काका : असेल, जर घाम आला तर.

हत्तरसंग कुडल हे भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावरचं ठिकाण. दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. पलीकडच्या काठाला कर्नाटक. संगमेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच हरिहरेश्वराचं, जे मातीखाली गाडलं गेलं होतं आणि गेल्या शतकाच्या अखेरीस उकरून काढलं. त्याच उत्खननात ते बहुमुखी शिवलिंग वर आलं. अंगावर 359 मुखं, आणि लिंग स्वतः धरून 360, असं तिथे सांगतात. फोटोत ते गर्दीसारखं दिसतं. समोर गेलं की तसं वाटत नाही. ओळीमागून ओळ, प्रत्येक चेहरा मुठीएवढा, आणि नजर वर वर नेत गेलं तरी चेहरे संपत नाहीत.

मी : तीनशे साठ. जुन्या गणनेत वर्षाचे दिवस. प्रत्येक दिवसाला देवाचं एक मुख. म्हणजे हे दगडात कोरलेलं वर्ष आहे, काळच आहे.

काका : कुणी लिहून ठेवलंय?

मी : कुणी नाही. अंदाज आहे.

काका : मग अंदाज म्हण. ‘म्हणजे’ म्हणू नको.

एवढं बोलून ते लिंगाभोवती फिरू लागले. आधी उभे राहून, मग वाकून, मग चष्मा काढून पुसून पुन्हा. बोटानं हवेत ओळी मोजत होते. मी कंटाळून सावलीत जाऊन बसले. बराच वेळ गेला. मग त्यांनी हाक मारली.

काका : इकडं ये. हे बघ, रिपीट नाही.

मी : म्हणजे?

काका : आमच्याकडं एक मोर काढला की तोच मोर चादरभर फिरतो. एकदा ग्राफ काढायचा, कार्डं परत परत फिरवायची. त्याला रिपीट म्हणतात. सगळ्या धंद्याचा जीव त्यात आहे, नाहीतर परवडत नाही. इतकी तोंडं कोरायची म्हटल्यावर मी असतो तर एक तोंड ठरवलं असतं आणि तेच सगळीकडं मारलं असतं. लांबून कुणाला कळतंय? ह्यानं तसं केलं नाही. ह्याचे केस बघ, त्याचे बघ. हा डोळे मिटून, तो तसा नाही. ह्या बाबानं सोपी वाट हातात असून सोडली.

मी : का सोडली?

काका : ते मला काय माहीत? पण सोडली हे नक्की. आणि ओळी कुठं वाकड्या गेल्या नाहीत. म्हणजे आधी सगळ्या लिंगावर रेघा आखल्या, घरं पाडली, ग्राफच काढला म्हण की, आणि मग प्रत्येक घरात वेगळं तोंड बसवलं. शिस्त एक, माणसं वेगळी.

मी : काका, हाच अर्थ. मी वर्षाचे दिवस म्हणाले, तो माझा अंदाज होता. तुम्ही जे आता म्हणालात, एका आखणीत प्रत्येकाचा चेहरा वेगळा ठेवला, तो अर्थ आहे, आणि तुम्हीच सांगितलात.

काका : नाही. मी कसं केलं एवढंच सांगितलं. अर्थ तू चिकटवलास.

इथे मला रस्किनची आठवण झाली. व्हेनिसच्या दगडांवर लिहिताना त्या इंग्रज लेखकानं, 1853 मध्ये, असा मुद्दा मांडला होता की मध्ययुगीन गॉथिक इमारतींचं मोठेपण त्यांच्या ओबडधोबडपणात आहे, कारण त्या कारागिराला स्वतःचा हात वापरायची मोकळीक होती, आणि कारखान्यातल्या तंतोतंत सारख्या मालात ती मोकळीक मेलेली असते. काकांना हे सांगितल्यावर ते भडकलेच.

काका : त्याला म्हणावं, ग्राफ काढून बघ. सारखं करणं म्हणजे मेलेलं? चादरीच्या या टोकाचा मोर आणि त्या टोकाचा मोर सारखा यायला ताण सारखा लागतो, सूत सारखं लागतं, माणूस जागा लागतो. सारखेपणा काय आपोआप येतो? ह्या लिंगाची ओळ सरळ आहे, त्याला काही किंमत नाही का?

रस्किनला हे उत्तर कुणी विणकरानं त्याच्या हयातीत द्यायला हवं होतं. मी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली. माझ्या ‘तीनशे साठ दिवसां’पाशी मी लिंगाकडे पाहणं थांबवलं होतं, कारण मला उत्तर मिळालं होतं. काकांना उत्तर नको होतं म्हणून ते पाहत राहिले. अर्थाचा शोध घेणाऱ्यांना हा एक रोग असतो खरा, लवकर तृप्त होण्याचा. तरीही त्यांच्या ‘सोपी वाट सोडली’ला मी अर्थच म्हणणार. ‘सोडणं’ ही दगडाची क्रिया नव्हे, माणसाची आहे.

संगमेश्वराच्या मंडपात तुळईवर तो प्रसिद्ध शिलालेख आहे. शके 940, म्हणजे इसवी सन 1018. कल्याणीच्या चालुक्यांचा काळ, गादीवर दुसरा जयसिंह. आसपास सगळा कन्नड आणि संस्कृतचा कारभार, आणि त्यात हा मराठीतला मजकूर. मराठीचा आद्य शिलालेख कोणता, यावर विद्वानांचा वाद जुना आहे. आमच्या पिढीनं शाळेत श्रवणबेळगोळ पाठ केलं. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके 934 चा म्हणजे कुडलच्याही सहा वर्षं आधीचा म्हणून पुढे केला जातो, त्याच्या वाचनावरून पुन्हा मतभेद. मला या पहिल्या-दुसऱ्याच्या शर्यतीत फारसा रस नाही. मला रस आहे तो लेखाच्या शेवटात. दानाच्या लेखांत शेवटी बहुधा शाप असतो : हे मोडेल त्याचं वाटोळं होवो. इथे आशीर्वाद आहे. जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाचा.

मी : हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला माहीत होतं की कुणीतरी परका येईल, मान वर करून पाहील. त्यानं त्याच्यासाठी आशीर्वाद ठेवला. आता सांगा, प्रवाशाला इथे अर्थ शोधायचा अधिकार आहे की नाही? लेखच आमंत्रण देतो.

काका : काय म्हणालीस, कोण विजयी होणार?

मी : जो वाचेल तो.

काका : वाचेल तो. बघेल तो नाही, फोटो काढेल तो नाही, मान वर करेल तो तर नाहीच. तुला वाचता येतंय का हे?

मी : दोन-तीन अक्षरं लागतात.

काका : मला एकही नाही. म्हणजे आपण दोघंही हरलेलो. ज्यानं वाचलं त्याचं नाव सांग.

त्यांना माहीत होतं. आनंद कुंभार सोलापूरचेच. ना विद्यापीठातले प्राध्यापक, ना पुरातत्त्व खात्यातले अधिकारी. पोटापाण्याची नोकरी सांभाळून ते जिल्ह्यातली खेडी पालथी घालत, पडक्या देवळांतले, शेतांच्या बांधांवरचे, कुणी कपडे धुवायला घेतलेल्या दगडांवरचे लेख शोधत, ठसे घेत, अक्षर लावत. कुडलचा हा लेख लोकांसमोर आला त्यात त्यांचा मोठा वाटा. 2019 मध्ये ते गेले.

काका : तो माणूस प्रवासी होता का गावकरी?

मी : दोन्ही.

काका : तसं नाही चालणार. एक सांग.

मी : गावकरी होते म्हणून खेडोपाडी लोकांनी दार उघडलं. आणि प्रवाशाची नजर होती म्हणून धुण्याच्या दगडावरची अक्षरं दिसली. गावकऱ्याला तो दगड धुण्याचाच वाटत होता, पिढ्यान्‌पिढ्या. काका, तुम्ही सकाळपासून प्रवाशावर तुटून पडताय, पण अंगणातल्या वस्तूकडे न बघण्याचा मक्ता गावकऱ्याकडेच असतो.

काका : ...हे बरोबर आहे. पण तो शिकला, हे विसरू नको. लिपी शिकला, कन्नड कळत होती, संस्कृत बघितलं, उन्हातान्हात फिरला. घाम आला.

पुढचा भाग मी थोडक्यात उरकते, कारण भाकरी खाताना आणि परतताना आम्ही तेच ते बोलत होतो. विचारण्यासारखा एकच प्रश्न काकांनी केला : हरिहरेश्वराच्या देवळात दोन गाभारे, एक हरीचा, एक हराचा, मग बांधणाऱ्यानं दोन्ही गाभाऱ्यांचा पाया एकदम घातला, की एक आधी आणि दुसरा नंतर? माझ्यापाशी याचं उत्तर नव्हतं, आणि मी वास्तुकलेची पदवीधर.

शहरात शिरताना अंधार पडू लागला होता. चार हुतात्मा चौकात पुतळ्यांच्या भोवती झाडलोट चालली होती. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात या चौघांना फाशी झाली. दर वर्षी त्या दिवशी इथे हार पडतात, आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी जत्रेसाठी सिद्धेश्वराच्या काठ्या बाहेर पडतात. बाहेरचा माणूस फक्त जत्रेला येतो. शहर एका दिवसात सुतकातून लग्नात जातं, हे त्याच्या नजरेत येत नाही.

पुढे एका बोळात नंदीध्वजाचा सराव चालला होता. उंच काठी, माथ्यापर्यंत नजर पोचेपर्यंत मान दुखावी अशी, आणि ती कमरेच्या पट्ट्यात घेऊन एकटा तरुण तोल सांभाळत पावलं टाकत होता. भोवतीचे हात सोडून उभे, पण नजर काठीच्या शेंड्यावर. काका अर्थातच थांबले, आणि काठीचा तोल कमरेतून कसा घेतात, वारा आला तर टाच कशी वळवतात, हे मला सांगू लागले. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, काका, आता माझी पाळी.

मी : जत्रेची गोष्ट तुम्हीच मला लहानपणी सांगितलीत. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, योगी. एका कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. त्यांनी सांगितलं, माझ्या योगदंडाशी कर. त्या लग्नाची ही जत्रा. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेल, म्हणजे हळदीचं न्हाणं. 14 ला संमती कट्ट्यावर अक्षता. लाखो लोक तांदूळ टाकतात. आणि 15 ला?

काका : होम.

मी : होमात काय जातं?

काका : ...कुंभारकन्या. म्हणजे तिचं प्रतीक. पेंढीला साडी नेसवतात, अलंकार घालतात.

मी : आदल्या दिवशी लग्न, दुसऱ्या दिवशी नवरी आगीत. कशी करतात ते तुम्ही सांगाल : पेंढी कशी बांधतात, होम कसा रचतात. पण हे पाहून परक्या गावची बाई उभी राहिली, तर तिनं पेंढीच्या बांधणीवर समाधान मानायचं? का, हा प्रश्न तिनं विचारायचाच नाही?

काका बराच वेळ काठीकडे पाहत होते.

काका : विचारायचा. पण मला विचारून उपयोग नाही. ते आमच्या घरचं नाही. आमचं मार्कंडेयाचं देऊळ, नारळी पौर्णिमेचा रथ, बतुकम्मा. गड्ड्याला आम्ही अक्षता टाकायला जातो, लहानपणापासून, पण पाहुणे म्हणून.

मी : तीन पिढ्यांनंतर पाहुणे?

काका : गड्ड्यात पाहुणेच. तसं बघितलं तर ह्या गावात पाहुणा नाही कोण? आमचे लोक मागावर आले, मराठवाड्यातले गिरणीत आले, मारवाडी पेढीवर आले. सिद्धरामाच्या लोकांची कन्नड, ती सगळ्यांत जुनी. म्हणून म्हणतो, त्यांच्या घरातल्या बाईला विचार. ती म्हणेल, नवरी जळत नाही, ती देवात मिळते. कदाचित असं म्हणेल. कदाचित तुझ्यासारखी गप्प होईल. मी काय सांगू?

मी : म्हणजे केलं कसं, एवढ्यावर भागत नाही, हे मान्य?

काका : होमापुरतं मान्य. किल्ल्याबाबत नाही.

मी : आणि लिंगाबाबत?

काका : लिंगावर आपण दोघं एकच बोललो, नावं वेगळी दिली.

हे मला पटलेलं नाही, पण पुढच्या भेटीला काहीतरी शिल्लक हवंच. आम्ही चालू लागलो. माझ्या डोक्यात पेंढी घोळत होती, आणि काय सुचलं कोण जाणे, मी त्यांचाच प्रश्न त्यांना केला.

मी : काका, पेंढीला नेसवतात ती साडी कुठल्या मागावरची असते?

काका : आमच्या पूर्व भागातली असणार. दुसरी कुठली?

मी : असणार, की आहे? कुणी लिहून ठेवलंय?

काका : विचारतो उद्या. आणि तू 15 ला इथंच थांब. तुझी परतीची गाडी पुढं ढकल.